सातव्या महिन्यात बांगडी चढेना : गरोदरपणातलं बीपी, माहेरचा प्रवास आणि मधले तेवीस दिवस

कळंबेकरीण
१२ जून, रात्री १०:४०

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. काल शेजारी डोहाळजेवण झालं. त्या मुलीचा चेहरा बघून मला माझाच चेहरा आठवला. तिच्या आईला बाजूला घेऊन विचारलं, "काकी, हिचं बीपी शेवटचं कधी बघितलं?" तर म्हणाल्या, "पुण्यात बघितलंय की. हितल्या डॉक्टरांकडं पुढच्या आठवड्यात नाव घालायचंय." आमच्या घरी अगदी हेच झालं होतं आणि मला प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून अंगभर त्रास होणारा आजार, झाला होता, म्हणून आज बसून लिहितेय.

माझं पहिलं बाळंतपण. सासर आणि नोकरी पुण्यात, माहेर कोल्हापुरात, कळंब्याला. रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी यायचं ठरलं होतं. निघायच्या आधी, अठ्ठाविसाव्या आठवड्यात, पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं. बीपी १२८/८४. "ठीक आहे, दोन आठवड्यांनी परत दाखवा." १४० च्या खाली आहे म्हणजे झालं, असं मीही समजले. पण दहाव्या आठवड्यात माझं बीपी १०४/६६ होतं. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून कुणी बघितले नाहीत. मीही नाही.

कोल्हापुरात आले आणि सगळं घर ओटीभरणाच्या तयारीला लागलं. नवीन डॉक्टरांकडे नाव घालायचं होतं, पण "कार्यक्रम होऊ दे, मग निवांत जाऊ" असं ठरलं. फाईलचे निम्मे कागद पुण्यातच राहिले होते, ते नवरा येताना आणणार होता. पुण्याच्या डॉक्टर सुटल्या होत्या आणि कोल्हापूरच्या अजून सुरू व्हायच्या होत्या. असे तेवीस दिवस माझ्या दंडाला बीपीचा पट्टा लागलाच नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बांगड्या भरायला कासार मावशी घरी आल्या. लग्नाचा हिरवा चुडाही त्यांनीच भरलेला, त्यामुळे माझं माप त्यांना तोंडपाठ, दोन-चार. त्यांनी माझा हात मांडीवर घेतला, अंगठा आत दाबला, बांगडी सांध्यापर्यंत आली आणि तिथंच अडकली. साबण लावून बघितला. दोन-सहा काढली, तीही चढेना. शेवटी दोन-आठ कशीबशी गेली. माझ्या हातावर त्यांच्या बोटाचा खळगा उमटला होता आणि तो लवकर भरून येईना. त्या खळग्याकडं बघत त्या आईला म्हणाल्या, "वैनी, गरवार बाईचा हात भरतोय, ठावं हाय मला. पर ह्यो भरल्याला न्हाई, सुजलाय. दाखवून घ्या."

आई म्हणाली, सातव्यात अंगात पाणी धरतंच. आईला दोष देत नाही. तिचे पाय माझ्या वेळी सुजले होते आणि तिला काही झालं नव्हतं. तिनं तिच्या माहितीतलं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी झोपाळ्यावर बसले होते तेव्हा कपाळ ठणकत होतं. फोटोत मी हसतेय, पण पापण्या फुगलेल्या दिसतात. रात्री छातीच्या खाली, उजव्या बरगडीजवळ कळ यायला लागली. सगळे म्हणाले, पित्त झालं, दिवसभर गोडधोड खाल्लंय. आलं-लिंबू झालं, जिऱ्याचं पाणी झालं. दोनच्या सुमाराला उलटी झाली, तरी कळ थांबेना. बाथरूमच्या दिव्याकडं बघितलं तर डोळ्यांपुढं काजवे.

शेजारच्या काकांकडं बीपीचं मशीन आहे. बाबांनी त्यांना उठवलं. मशीननं दाखवलं १६८/११२. काका म्हणाले, मशीन बिघडलं असणार. त्यांनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, १३२/८०. परत माझ्या दंडाला लावला, १७२/११४. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. बाबांनी गाडीची किल्ली घेतली.

जवळच्या दवाखान्यात लघवीत पट्टी बुडवली, प्रथिनं तीन प्लस, म्हणजे खूपच जास्त. बाळाला ठेवायला काचेची पेटी आणि बाकीची सोय तिथं नव्हती. पण त्यांनी नुसतं "मोठ्या ठिकाणी न्या" म्हणून हात झटकले नाहीत. बीपीची गोळी दिली, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस तिथंच दिला, पुढच्या हॉस्पिटलला फोन करून मगच अँब्युलन्समध्ये बसवलं. ते औषध शिरेतून जाताना अंगातून कढत पाणी फिरल्यासारखं झालं, कान आणि गळा पेटल्यासारखे. पुढच्या हॉस्पिटलात सिस्टर ठरावीक वेळानं येऊन गुडघ्यावर छोटी हातोडी मारायच्या, श्वास मोजायच्या, लघवीची पिशवी बघायच्या. त्या अंगावर येईल इतक्या वेळा का येतात ते तेव्हा कळत नव्हतं.

बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची चार इंजेक्शनं, बारा-बारा तासांनी. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट उतरायला लागल्या आणि सिझर करायचं ठरलं. बत्तीस आठवडे पूर्ण, मुलगी, वजन १ किलो ३६० ग्रॅम. सव्वीस दिवस ती एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होती. आज ती सव्वादोन वर्षांची आहे, आत्ता माझ्या शेजारी आडवीतिडवी पसरून झोपलीय.

सातव्या महिन्यात मुलीला माहेरी आणणारी जी जी घरं आहेत, त्यांनी हे वाचावं. हा आजार वर डोकं काढतो तो याच दिवसांत, आणि याच दिवसांत आपल्याकडं डॉक्टर बदलतात. ओटीची तारीख धरायच्या आधी नवीन डॉक्टरांची तारीख धरा.

डॉक्टर मंडळींनी यात भर घालावी. माझं काही चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

---

प्रसूतिकक्ष
१२ जून, रात्री ११:५५

कळंबेकरीण ताई, मी प्रसूतितज्ज्ञ आहे, कोल्हापुरातच काम करते. तुम्ही लिहिलेला प्रसंग आम्ही वर्षातून कितीतरी वेळा बघतो. माझ्या ओपीडीत "सातव्यात आलेय" म्हणून येणाऱ्या मुलींचं मी आधी बीपी घेते, फाईल नंतर उघडते.

एक दुरुस्ती, आणि ती पुण्याच्या डॉक्टरांच्या बाजूनं. १२८/८४ ला प्री-एक्लॅम्पसिया म्हणता येत नाही. पूर्वी वरचा आकडा ३० नं आणि खालचा १५ नं वाढला की निदान करायचे, तो निकष आता नाही. निदानासाठी विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा जास्त, चार तासांच्या अंतरानं दोनदा, आणि सोबत लघवीतून प्रथिनं जाणं लागतं. प्रथिनं नसतील पण प्लेटलेट एक लाखाच्या खाली, लिव्हर किंवा किडनीचे रिपोर्ट बिघडलेले, फुप्फुसात पाणी, न थांबणारी डोकेदुखी, नजरेचा त्रास, यातलं काही असेल तरीही निदान होतं. पण निकष नसला म्हणून सुरुवातीचा आकडा बिनकामाचा होत नाही. १०४/६६ वरून १२८/८४ वर गेलेल्या बाईला मी दोन आठवडे सोडणार नाही, आठवड्यात परत बोलावीन. १६०/११० दिसलं तर वाट बघायचीच नाही, ती इमर्जन्सी.

हे होतं का, ते सांगते. माझ्या माहेरी ऊस आहे, त्यामुळे मला ते असंच समजतं. वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या भिंतीला चिकटते तेव्हा आईच्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्या रुंद करून घेते, पाणी पाजायला पाट फोडून रुंद करावा तसं. पहिल्या पाच महिन्यांत हे काम व्हायला हवं. काहींच्या बाबतीत पाट अरुंदच राहतो. बाळ लहान असतं तोवर भागतं. सातव्या-आठव्यात बाळाची तहान वाढते, वारेला रक्त पुरत नाही, आणि ताण आलेली वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं. त्यातूनच सगळं येतं. बीपी चढतं, किडनीतून प्रथिनं गळतात, सूज येते, लिव्हर सुजून बरगडीखाली कळ येते, मेंदूवर परिणाम होऊन डोकं दुखतं आणि झटके येतात. बाळाची वाढ खुंटते, पोटातलं पाणी कमी होतं, कधी वार अचानक सुटते आणि मग आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं.

म्हणूनच बीपीच्या गोळ्यांनी मूळ आजार जात नाही. गोळ्या आईच्या मेंदूत रक्तस्राव होऊ नये म्हणून असतात. मूळ वारेत आहे, ती बाहेर आल्याशिवाय आजार उतरत नाही. सदतीस आठवडे झालेले असतील तर आम्ही थांबत नाही. त्याच्या आधी रोज तोलून बघावं लागतं, बाळाला आत ठेवण्यात फायदा किती आणि आईला धोका किती.

झटक्यांना एक्लॅम्पसिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वीज चमकणं, आणि तो येतोही तसाच. मॅग्नेशियम सल्फेट हे त्यावरचं औषध जुनं आणि स्वस्त आहे. २००२ साली मॅगपाय नावाच्या मोठ्या चाचणीत, जगभरच्या दहा हजारांवर स्त्रियांमध्ये, यानं झटक्यांचं प्रमाण निम्म्यावर येतं हे दिसलं. सिस्टर गुडघ्यावर हातोडी का मारायच्या ते आता सांगते. हे औषध अंगात जास्त झालं तर आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास मंदावतो. औषध लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून पिशवीवर लक्ष. त्या तुमच्यावर पहारा देत होत्या.

---

मंगळवारपेठेची काकी
१३ जून, सकाळी ७:१५

वाचून काळजात चर्र झालं पोरी. लेकराला दृष्ट लागू नये.

मी पासष्टीची. आमच्यात पाय सुजले की "पोरगा हाय" म्हणायचे नाहीतर मीठ बंद करायचे. माझ्या थोरल्या सुनेला मीही मीठ बंद केलं होतं. चुकलं का माझं? आणि सूज आली की प्रत्येक वेळी घाबरायचं का? नातसून आता पाचव्यात आहे म्हणून विचारते.

---

प्रसूतिकक्ष
१३ जून, दुपारी २:३०

काकी, विचारलंत ते फार बरं झालं.

पायांची सूज बहुतेक गरोदर बायकांना येते. संध्याकाळी येते, पाय वर घेऊन झोपलं की सकाळी उतरते. ती सूज वेगळी. सकाळी उठल्याउठल्या चेहरा फुगलेला, अंगठी निघत नाही, बांगडी चढत नाही, आठवड्याभरात वजन एकदम वाढलं, हे दिसलं की बीपी बघायचं. आणि सूज अजिबात नसतानाही हा आजार असू शकतो, म्हणून सूज नाही म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. शेवटी बीपी आणि लघवीची तपासणी याच दोन गोष्टी खरं सांगतात.

मीठ बंद केल्यानं हा आजार टळत नाही. तुम्ही मायेनं केलंत, त्यात सुनेचं काही बिघडलं नसेल, पण नातसुनेला अळणी घालू नका. पूर्ण वेळ झोपवून ठेवण्याचाही उपयोग नाही. तिनं टेन्शन घेतलं म्हणून बीपी वाढलं, असंही कुणी तिला म्हणू देऊ नका.

उपयोग कशाचा होतो? आहारात कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियमच्या गोळ्यांचा होतो. ज्यांना धोका जास्त आहे त्यांना कमी डोसच्या अ‍ॅस्पिरिनचा होतो. २०१७ साली आलेल्या अ‍ॅस्प्री चाचणीत, धोका जास्त असलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं, तेव्हा सदतीस आठवड्यांआधीच बाळंत करावं लागेल असा प्री-एक्लॅम्पसिया साठ टक्क्यांनी कमी झाला. पण ती गोळी बाराव्या आठवड्यापासून, सोळावा संपायच्या आत सुरू व्हावी लागते, कारण ते पाट तेव्हाच रुंद होत असतात. नातसून पाचव्यात आहे, तेव्हा आता स्वतःहून दुकानातून आणून देऊ नका. तिच्या डॉक्टरांनी हे आधीच पाहिलं असेल.

धोका जास्त कुणाला? आधीच्या खेपेला झालेलं असेल, जुळी असतील, आधीपासून बीपी, मधुमेह, किडनीचा किंवा ल्युपससारखा (स्वतःची प्रतिकारशक्तीच अंगावर उलटण्याचा) आजार असेल तर नक्कीच. पहिलं बाळंतपण, वय पस्तिशीपुढं, वजन जास्त, आयव्हीएफ, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर, आई किंवा सख्ख्या बहिणीला झालेलं, यातल्या दोन गोष्टी जमल्या तरी डॉक्टर विचार करतात. म्हणून नाव घालताना आईचा इतिहासही सांगायचा. तो फक्त आईलाच ठाऊक असतो.

---

निळी छत्री
१३ जून, रात्री ९:२०

मी इथं फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझी धाकटी जाऊ बाळंत झाली, सगळं नीट झालं, तिसऱ्या दिवशी घरी आली. बीपी शेवटी थोडं वाढलं होतं, पण "बाळंत झाली की उतरेल" असं आम्ही धरून चाललो. सहाव्या दिवशी, पाचवीच्या पूजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळपासून डोकं धरून बसलेली. जागरण झालंय म्हणून आम्ही डोक्याला तेल चोळलं, फडकं बांधलं. दुपारी तिनं "मला नीट दिसंना" म्हणून हाक मारली आणि झटका आला.

घरात कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगवली. दात आवळले म्हणून चमचा घातला. एक वडीलधारे म्हणाले बाळंतवात आहे, दुसरे म्हणाले बाहेरचं झालंय, अंगारा आणा. दीड तास गेला. वाटेत दुसरा झटका आला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती परत आली नाही.

बाळ आता माझ्याकडंच असतं, मला आई म्हणतं.

कळंबेकरीण, तुम्ही सातव्या महिन्याचं लिहिलंत. बाळंतपणानंतरचंही कुणीतरी लिहा. आम्हाला वाटत होतं, बाळ बाहेर आलं की धोका संपला.

---

प्रसूतिकक्ष
१३ जून, रात्री १०:०५

ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मी आभार कसले मानू. तुमच्या घराचा यात दोष नाही. हे तुम्हाला दवाखान्यातून सुटी देताना सांगायला हवं होतं.

बाळंतपणानंतर बीपी बहुतेकदा तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर जातं, म्हणजे नेमकं बाई घरी असते तेव्हा. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, पण काहींना त्यानंतरच्या आठवड्यांतही. आधी बीपी कधीच वाढलेलं नसलेल्या बाईलाही. म्हणून ज्यांचं बीपी वाढलं होतं त्यांनी पहिला आठवडा-दहा दिवस तरी रोज बघायचं, आणि सहा आठवड्यांपर्यंत डोकेदुखी, अंधारी, दम, बरगडीखालची कळ यांना "जागरण" म्हणून सोडायचं नाही.

झटका आलाच तर : डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, हातपाय दाबून धरू नका. एकानं तिच्याजवळ थांबायचं, दुसऱ्यानं त्याच क्षणी १०८ लावायचा. पोचल्यावर पहिलं वाक्य सांगायचं की ही इतक्या दिवसांची बाळंतीण आहे. ते सांगितलं नाही तर समोरचा डॉक्टर फेफऱ्याचा रुग्ण समजून बसू शकतो.

---

आशा राधानगरी
१४ जून, दुपारी १:१०

मी आशा सेविका हाय, राधानगरी तालुक्यात. लिवायला जरा येळ लागतो, समजून घ्या.

आमच्याकडं उलटं होतंय. शहरातली लेक गावाकडं बाळंतपणाला येती, तिचं माता बाल संरक्षण कार्ड तिकडंच ऱ्हातं. मला कळतंय आठव्यात, ते बी कुणी सांगितलं तर. कार्ड संगं आणा, एवढं एक करा. बीपी, वजन, लघवी, हिमोग्लोबिन सगळं त्यात लिवल्यालं असतंय, नवी सिस्टर एका नजरंत बघती. आणि लेक गावात आली की पहिल्या आठवड्यात आशाला निरोप धाडा. आम्ही घरी येतो, पैसं लागत न्हाईत.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असती, २०१६ पास्नं चालू हाय. कार्यक्रम, सण काय बी असू दे, ९ तारीख चुकवायची न्हाई. कॅल्शियमच्या गोळ्या बी तिथंच मिळत्यात, चौथ्या महिन्यापास्नं दिवसाला दोन. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका टायमाला घ्यायची न्हाई, एकमेकीला अंगी लागू देत न्हाईत. बऱ्याच घरात गोळ्या फडताळात तशाच पडल्यात, म्हणून सांगती.

आता पाऊस सुरू हुईल. २०१९ ला आणि २०२१ ला पाण्यानं रस्तं तुटलं तवा किती हाल झालं ते सगळ्यांनी बघितलंय. ज्या बाईचं बीपी जरा जरी वाढल्यालं हाय तिला जुलै-ऑगस्टात नदीपलीकडच्या, घाटातल्या गावात ठेवू नका. कोल्हापुरात, गडहिंग्लजला, जिथं कुठं पाव्हणं असतील तिथं आधीच न्हेऊन ठेवा. पाणी आल्यावर १०८ ला तरी काय करणार, गाडी पाण्यातनं येत न्हाई. सीपीआरला, म्हंजी कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, बाळंतपण, सिझर, औषधं, बाळाचा इलाज सरकारी योजनंत फुकट हाय, पैशापायी थांबू नका.

---

तिसावा आठवडा
१४ जून, रात्री ८:४५

हा धागा कालपासून तीनदा वाचला. मी तीस आठवड्यांची, सासर सांगलीला, चार दिवसांपूर्वी माहेरी शाहूपुरीत आलेय. आज दुपारपासून डोकं जड आहे आणि छातीखाली जळजळ. पायांना सूज आहे, हाताला नाही. बांगड्या सैल आहेत. शेवटचं बीपी सोळा दिवसांपूर्वीचं, १२२/७८. उद्या रविवार, सोमवारी दाखवलं तर चालेल का? की मी हे सगळं वाचून मनावर घेतलंय?

---

कळंबेकरीण
१४ जून, रात्री ८:५२

आत्ता जा. सोमवार नाही, सकाळही नाही. बहुधा खरोखर पित्तच असेल, तर अर्ध्या तासात परत याल. पण ते पित्त आहे हे इथं बसून कुणालाच सांगता येत नाही, बीपीचा पट्टाच सांगेल. लघवीही तपासून घ्या. बाळ हलतंय ना नेहमीसारखं? सांगलीचे सगळे कागद सोबत न्या. आणि जाऊन आल्यावर इथं लिहा, मी जागी आहे.

---

उसाचा फड
१४ जून, रात्री १०:१०

वहिनी गेल्या असतील तोवर नवऱ्यांसाठी लिहितो. माझ्या बायकोलाही झालं होतं, छत्तिसाव्या आठवड्यात. तेव्हा कळलं की मला तिच्या रक्तगटाशिवाय काहीच माहीत नव्हतं. डॉक्टर विचारत होते आधीचं बीपी किती, गोळ्या कुठल्या, आणि मी हातात मोबाईल धरून उभा.

दंडावरचं डिजिटल मशीन दीड-दोन हजारांत येतं. मनगटावरचं घेऊ नका. डॉक्टरांच्या मशीनशी एकदा ताडून बघा. बघायच्या आधी अर्धा तास चहा नाही, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, दंड छातीच्या उंचीला, आणि पट्टा बाहीवरून नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यात आकडा खोटाच वर दिसतो. हे आम्हाला सिस्टरनी शिकवलं.

आणि फाईलच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून नवरा, आई, सासू तिघांच्या फोनवर ठेवा. कागद पुण्यात आणि पेशंट कोल्हापुरात, हे परत कुणाचं होऊ नये.

---

तिसावा आठवडा
१५ जून, रात्री १२:३५

जाऊन आले. पहिल्यांदा १३८/८८ आलं. तिथल्या डॉक्टरांनी थांबवून ठेवलं, लघवी तपासली, प्रथिनं नाहीत. रक्त घेतलं, प्लेटलेट आणि लिव्हरचे रिपोर्ट ठीक. बाळाचे ठोके चांगले. जळजळीची गोळी दिली, दुखणं थांबलं. तीन तासांनी परत बघितलं, १३०/८४. घरी सोडलंय, पण दोन दिवसांनी परत बोलावलंय आणि रोज सकाळ-संध्याकाळ बीपी लिहायला सांगितलंय. १४०/९० दिसलं तर वाट न बघता यायचं. सांगलीच्या डॉक्टरांशीही ते फोनवर बोलले.

आई म्हणते, त्या कळंब्याच्या ताईंना सांग, आम्ही सोमवारचीच वाट बघणार होतो.

---

प्रसूतिकक्ष
१५ जून, सकाळी ८:००

छान केलंत. यातून पुढं काही होईलच असं नाही, बऱ्याच जणींचं इथंच थांबतं. पण आता तुमच्यावर डोळा आहे.

---

मंगळवारपेठेची काकी
१५ जून, सकाळी ९:२५

कळंब्याच्या पोरी, एक विचारू? दुसऱ्या खेपेचा विचार करतेस का? केलास तर परत असंच होतं का?

---

कळंबेकरीण
१५ जून, रात्री ९:५०

काकी, विचारा की. घरात रोज हाच विषय आहे.

माझ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. हा आजार झालेल्यांपैकी साधारण सहातल्या एकीला पुढच्या खेपेला परत होतो, पण माझ्यासारखं अठ्ठावीस ते चौतीस आठवड्यांत बाळंत करावं लागलं असेल तर तीनात एक. हा आकडा ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. मग त्याच म्हणाल्या, तीनातल्या दोघींना होत नाही, आणि झालं तरी या खेपेला आपण पहिल्या दिवसापासून जागे असू. बाराव्या आठवड्यापासून अ‍ॅस्पिरिन, कॅल्शियम, बाळाच्या वाढीच्या जादा सोनोग्राफ्या. अजून ठरवलं नाही. ठरवलं तर यावेळी पूर्ण बाळंतपण एकाच शहरात, एकाच डॉक्टरांकडं, एवढं मात्र नक्की. आई पुण्याला येऊन राहायला तयार आहे. रीत मोडते म्हणून मावशी रुसलीय.

अजून एक, जे मला खूप उशिरा कळलं. ज्यांना हा आजार झाला त्यांना पुढं आयुष्यात हृदयविकार होण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट असतं, आणि बीपीचं त्याहूनही जास्त. बाळ मोठं होतं आणि आपण स्वतःची फाईल माळ्यावर टाकतो. मी दर वर्षी मुलीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात बीपी, साखर आणि लघवी तपासते, म्हणजे तारीख विसरत नाही. निळी छत्री ताई, तुमच्या बाळाची शाळेत, दवाखान्यात कुठंही माहिती देताना त्याच्या जन्मदात्या आईला हा आजार होता हे लिहून ठेवा. मुलगी असेल तर तिच्या बाळंतपणात ते लागेल.

---

आशा राधानगरी
१६ जून, सकाळी १०:३०

ताई, रोजचं बीपी तुमी कशात लिवत हुता? आमच्या बायका वही करत न्हाईत, हरवती. सोपं काय असंल तर सांगा.

---

कळंबेकरीण
१६ जून, रात्री ९:१५

बाळंतपणानंतर सहा आठवडे माझं बीपी आई लिहायची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दुधाचा हिशेब असतो ना त्याच चौकोनात. वर दूध किती लिटर, खाली सकाळचं बीपी निळ्या पेननं, संध्याकाळचं लाल पेननं. गोळी घेतली की टिकमार्क. १४० किंवा ९० गेलं की चौकोनाला गोल, आणि गोल पडला की डॉक्टरांना फोन. घरात कुणीही चहा करायला आलं की ते नजरेला पडायचं. त्यामुळं विसरायचा प्रश्नच नव्हता, दूधवाल्याचा हिशेब कुणी विसरत नाही.

ज्या शेजारच्या मुलीमुळं हा धागा काढला, तिला परवा तिच्या आईनं डॉक्टरांकडं नेलं, नाव घातलं. आज सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावले. कॅलेंडरवर सोळाच्या चौकोनात लिहिलंय : म्हैस दीड लिटर. ११६/७४.